अंदाजाचा वाटा

सर्व्हर बंद करणं म्हणजे खरं तर काहीच नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची, एंटरची कळ दाबायची, की झालं. पूर्वीचा रॉकेलचा स्टोव्ह विझवायलासुद्धा याहून जास्त खटपट पडायची म्हणे. पण पंचगंगा सेतू केंद्रातला तो कपाटाएवढा सर्व्हर सहा वर्षं, दोन महिने आणि नऊ दिवस एकदाही बंद झालेला नव्हता. तो बंद होऊ नये म्हणून अस्मिता मगदूमनं जेवढी अक्कल खर्च केली होती, तेवढ्या अकलेत आणखी दोन सर्व्हर उभे राहिले असते.

केंद्रात सगळ्यांना या गोष्टीचं कोण कौतुक! सर्व्हर किती दिवस अखंड चालू आहे तो आकडा तिच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेला असायचा. शिपाई रोज सकाळी त्यात एक वाढवायचा. खंडेनवमीला गावातल्या यंत्रमागांना झेंडूच्या माळा पडत, तेव्हा या कपाटालाही पडायची, हळदकुंकू लागायचं, पेढे वाटले जायचे. केंद्राचे प्रमुख डॉ. इनामदार पाहुण्यांना मुद्दाम त्या फळ्यापाशी आणून सांगत, "आमच्या अस्मिताबाईंचा विक्रम आहे हा." अस्मिता मान खाली घालून हसायची. लोकांना वाटायचं, किती विनय! विनय कसला, त्या आकड्याकडे बघायचंच ती टाळत असायची.

इचलकरंजीच्या वेशीबाहेर, एका जुन्या सूतगिरणीच्या जागेत हे केंद्र होतं. मानेचा मणका मोडला की मेंदूनं धाडलेला निरोप हातापर्यंत पोचत नाही, कारण मधली तार तुटलेली असते. सेतू म्हणजे त्या तुटलेल्या जागेवरून घातलेला पूल. मेंदूवर बसवलेली नखाएवढी चकती निरोप टिपते, कमरेचा पट्टा तो सर्व्हरकडे धाडतो, सर्व्हर त्याचा अर्थ लावतो आणि दंडात पेरलेल्या तारांना सांगतो, हा स्नायू आवळ, तो सैल सोड. पापणी लवायच्या आत हे सगळं होतं. केंद्रातली एक्केचाळीस माणसं या एका सर्व्हरच्या भरवशावर घास तोंडात घालत होती, केस विंचरत होती, नातवंडांचे गालगुच्चे घेत होती.

अडचण एकच होती. मेंदूचा निरोप कधी स्वच्छ येतच नाही. भर बाजारात रस्त्याच्या पलीकडून कुणी हाक मारावी, तसा तो अर्धामुर्धा ऐकू येतो. राहिलेलं सर्व्हर अंदाजानं भरून काढतो. गळपट्टीवरच्या बटणाएवढ्या कॅमेऱ्यातून त्याला समोरचं दिसत असतं. पुढ्यात कप आहे, हा माणूस रोज या वेळी कप उचलतो, निरोपही तसलाच काहीतरी वाटतोय, म्हणजे उचलायचं असणार! आपलं वाक्य संपायच्या आत ते पुरं करणारी माणसं असतात ना, त्यातला हा प्रकार. म्हणून कायद्यानं या अंदाजाला वेसण घातलेली होती. हालचालीत अंदाजाचा वाटा शंभरात पंधराच्या वर जाता कामा नये. उरलेले पंच्याऐंशी माणसाचे स्वतःचे हवेत.

अस्मिताच्या भावाचा वाटा ऐंशी होता. भावाचा म्हणजे अंदाजाचा. भरतेश मगदूम, सेतू क्रमांक सतरा.

भरतेश तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. इचलकरंजीत वहिफणीच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मागावर ताणा, म्हणजे कापडाचे उभे दोरे, चढवण्याआधी त्यातला एकेक दोरा वहीच्या, म्हणजे तारांच्या चौकटीच्या, डोळ्यातून आणि फणीच्या दातातून ओवावा लागतो, एका ताण्याला दोन-दोन हजार दोरे. ते काम करून त्यानं बहिणीला इंजिनिअर केलं. मग एके दिवशी आपल्या कारखान्याच्या छतावरची सौरपाटी पुसताना तो खाली आला, मानेवर पडला, आणि ज्या बोटांना दोरा दिसायच्या आधी कळायचा ती बोटं मांडीवर दुसऱ्या कुणाची तरी असावीत तशी पडून राहिली. अस्मिता पुण्याची नोकरी सोडून आली आणि या केंद्रात लागली.

सेतू बसवला, तरी आठ महिने हात हलला नाही. नियम असा की आठ महिन्यांत हालचाल दिसली नाही तर नाव कमी करायचं आणि जागा पुढच्याला द्यायची. शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना अस्मितानं सर्व्हरवर एक ओळ टंकली. सतरा नंबरचा अंदाजाचा वाटा पंधराचा ऐंशी केला.

दुसऱ्या दिवशी भरतेशचा उजवा हात उठला आणि त्यानं पेला उचलला. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हा आकडा तिनं फाइलमध्ये मात्र कधी उतरवला नाही. फाइलमध्ये लिहिलं की कुणी, कधी, काय बदललं त्याची आपोआप नोंद होते. म्हणून तो ऐंशीचा आकडा फक्त सर्व्हरच्या चालू आठवणीत होता. ती आठवण शाळेतल्या पाटीसारखी असते. सर्व्हर चालू आहे तोवर अक्षर दिसणार, बंद केला की पाटी कोरी. पुन्हा चालू झाल्यावर सर्व्हर फाइलमधला आकडा वाचणार, आणि फाइलमध्ये पंधराच होते. म्हणजे सर्व्हर बंद झाला त्या क्षणी दादाचे हात गेले. या एका ओळीपायी अस्मिता सहा वर्षं त्या कपाटाशी बांधली गेली होती. लग्नाची दोन स्थळं तिनं परतवली, बंगळुरूची बढती नाकारली, आणि चार दिवस कुठं जायची वेळ आली तर तिला झोप लागायची नाही. माझ्या माघारी कुणी बंद केला तर?

आता मात्र सर्व्हरचीच शंभरी भरली होती. आतली दोन कार्डं चुकू लागली होती. नवा सर्व्हर येऊन पडला होता आणि त्याच्यात पंधराची मर्यादा थेट चिपमध्येच कोरलेली होती. अस्मितानं चोरून तीन रविवार त्याच्याशी झटापट केली. त्यानं ऐंशी काही घेतले नाहीत, सोळासुद्धा घेतले नाहीत.

*

बदलाच्या दिवशी सकाळी तिनं उप्पीट केलं. भरतेश चाकाच्या खुर्चीत टेबलापाशी बसला होता. त्याचा हात सराईतपणे चमच्याकडे गेला, घास उचलला गेला, तोंडाशी आला. तो खिडकीबाहेर बघत चावत होता.

तिची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. "दादा, चतुर्दशी न्हवं आज?"

"हाय."

"मग?"

"मोडला उपास," तो म्हणाला आणि पुन्हा तोंड उघडलं.

एके काळी हाच माणूस जैनांच्या रिवाजाप्रमाणे अष्टमी-चतुर्दशीला पाण्याखेरीज काही घ्यायचा नाही आणि दिवस मावळल्यावर तर अन्नाला शिवायचा नाही. मंदिरातले महाराजसुद्धा त्याचं उदाहरण द्यायचे. अस्मितानं त्याला चिडवलं, "धर्म बुडवलास बग मगदुमांचा." तो हसला नाही. एवढं सोसल्यावर माणसाची श्रद्धा उडते, त्यात त्याची काय चूक, असं तिनं स्वतःला समजावलं. तशी ती सहा वर्षं समजावत आली होती.

बाकी भरतेशचं सगळं झकास चाललं होतं. वहिफणीचा कारखाना त्यानं पुन्हा उभा केला. 'जिद्दीचे हात' म्हणून पेपरात अर्धं पान छापून आलं. शाळा त्याला बोलवायच्या, तो जायचा, चार वाक्यं बोलायचा आणि घरी येऊन गप्प बसायचा. हात गप्प बसायचे नाहीत. ते रद्दी नीट रचायचे, बटणं लावायचे, दिसला दोरा की ओवायचे.

"आज दुपारी तीन तास हात नसतील," ती त्याचा पट्टा नीट करत म्हणाली. "घाबरू नको."

"मी न्हाई घाबरत," भरतेश म्हणाला. "तू का घाबरलीयास?"

*

दुपारी एकला सगळे एक्केचाळीस जण वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये खाटांवर आडवे झाले. मध्येच हात गेले तर कुणी पडू नये म्हणून ही व्यवस्था. शकूमावशी म्हणून एक जुन्या पेशंट होत्या, त्यांनी येता येता अस्मिताला गाठलं. "तीन तास हात न्हाईत म्हंजे तीन तास भांडी न्हाईत! रोज बंद करत जा की गं बाई."

अस्मिता हसली आणि खाली आपल्या खोलीत आली. काचेपलीकडे सर्व्हर घुमत होता. टेबलावर शिपायानं ठेवलेला चहाचा कप होता, त्याला तिनं हातही लावला नाही. तिनं पडद्यावर 'हू' ही आज्ञा दिली. आत्ता कोण कोण जोडलेलं आहे, असं विचारणारी ही आज्ञा. दुकानाचं शटर ओढण्याआधी "आत कुणी हाय का?" म्हणून हाळी देतात, तसा या धंद्यातला रिवाज. एक्केचाळीस ओळी उमटल्या. सतरावी ओळ तिनं वाचली नाही.

मग तिनं शटडाउनची ओळ टंकली, दहा मिनिटांची मुदत घालून. अशी मुदत घातली की सर्व्हर जोडलेल्या प्रत्येकाला निरोप देतो. वर एक्केचाळीस पट्टे एकदम थरथरले आणि प्रत्येकाच्या पट्ट्यावर अक्षरं आली: सेतू दहा मिनिटांत थांबेल.

नऊ. आठ. अस्मिता हात मांडीखाली दाबून बसली होती. बोलावं तर नोकरी जाणार, दादाचं नाव कमी होणार आणि हात जाणार. न बोलावं तरी हात जाणार. पळून जावं तर दुसरा कुणीतरी येऊन तीच ओळ टंकणार. कुठूनही गेलं तरी वाट त्याच खोलीत येत होती. सात. दादानं सकाळी खाल्लेला उप्पिटाचा घास तिच्या डोळ्यांपुढे आला. तो आपल्या हातानं खाल्लेला शेवटचा घास, आणि हे त्याला ठाऊकसुद्धा नाही.

सहा मिनिटं उरली असताना तिनं आज्ञा रद्द केली.

इंटरकॉम लगेच वाजला. "अस्मिताबाई, काय झालं?" डॉ. इनामदारांचा आवाज. "पट्टे म्हणतात रद्द!"

"सर, मेमरीचं कार्ड एकदा तपासते. अर्धा तास द्या."

"अर्धाच. नव्या सर्व्हरची माणसं ताटकळलीत."

तिनं फोन ठेवला आणि मागं खुर्चीची चाकं वाजली. दारात भरतेश होता, शिपाई त्याला खुर्चीत बसवून खाली सोडून गेला होता.

"दादा! तू खाली कशाला आलास? खाटेवर पडून ऱ्हायचं सांगितलंय सगळ्यांना."

"पट्टा दोनदा वाजला. आधी म्हणला थांबनार, मग म्हणला न्हाई थांबत." तो खुर्ची घेऊन टेबलाजवळ आला. "मशिन काय असं मागंफुडं करत न्हाई. तूच केलंस."

"कार्ड खराब..."

"अस्मे."

बास, एवढंच. सातवीत तिनं गणिताच्या पेपरावर वडिलांची, आण्णांची, खोटी सही केली होती, तेव्हा त्यानं अशीच हाक मारली होती. त्या दिवशी जे झालं तेच आताही झालं. कीबोर्डकडे बघत तिनं सगळं सांगून टाकलं. आठ महिने, शेवटचा आठवडा, ती दुपार, ती ओळ. "ऐंशी, दादा. शंभरातलं ऐंशी मशिनचं. तुजं वीसच."

तो संतापेल, रडेल, निदान काय केलंस हे असं तरी म्हणेल, अशी तिची कल्पना होती. भरतेशनं नुसता एक लांब श्वास सोडला.

"आकडा म्हाईत नव्हता मला," तो म्हणाला.

"म्हंजे? तुला कळलं होतं?"

"हात माजं हाईत. मला कळायचं न्हाई व्हय?" त्यानं हनुवटीनं कप दाखवला. "तो चहा म्होरं सरकव."

तिनं सरकवला.

"आता बग. मला चहा नको. मनात मी हाताला सांगालोय, नको, नको, हलू नको. बग हां."

त्याचा उजवा हात मांडीवरून उठला. शांतपणे, सुबकपणे बोटं कपाच्या कानात अडकली, कप वर आला, ओठांपाशी आला. भरतेशनं ओठ घट्ट मिटून घेतले. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, आणि त्याचाच हात कोमट चहा त्याच्याच मिटल्या तोंडावर ओतत होता. चहा हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळला. हातानं कप पुन्हा बशीत ठेवला, आवाज न करता.

अस्मिताला पुसायचंही सुचलं नाही.

"पयल्या पयल्यांदा बरं वाटलं," भरतेश म्हणाला. "हाताला सगळं येतंय, मी बगत बसलोय. मग एक दिवस ओवता ओवता वाटलं, आता पुरं, जरा पाठ टेकावी. हात थांबंनात. दोन हजार दोरं झालं तवाच थांबलं. मी आत बसून थांब थांब म्हणून वरडालोय, आणि भाईर मानसं म्हणत्यात, काय जिद्द हाय गड्याची!"

"आणि उपास..."

"पुढ्यात ताट आलं की हात घास आणनारच. तोंड मिटलं असतं तर सांडलं असतं, आणि मग तुला कळलं असतं. म्हणून तोंड उघडलं. सहा वर्षं, दर अष्टमीला, दर चतुर्दशीला."

"मला सांगायचं न्हाईस का रे?" तिनं विचारलं.

"कसं सांगनार? हात पयल्यांदा उठला त्या दिवशी तू ल्हान पोरीसारखी नाचलीस. माज्यापायी सगळं सोडून बसलीस हितं. आणि खरं सांगू? भ्यावबी वाटायचं. सांगितलं आणि काढून घेतलं तर? गाठोड्यावानी पडून ऱ्हान्यापरास हे बरं, असं वाटायचं. कवा कवा वाटायचं, ते बरं हुतं."

काचेपलीकडे सर्व्हर घुमत राहिला. ज्याला वाचवायला म्हणून सहा वर्षं दाराशी पहारा केला, त्याला आपणच आत कोंडलं होतं, हे अस्मिताला उमगलं आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बंद कर," भरतेश म्हणाला.

"दादा, नीट ऐक. नव्या मशिनवर पंच्याऐंशी तुजं तुला आणावं लागंल. सहा वर्षं तुज्याकडनं वीसच मागितलं गेलंय. वापरात नसलेली वाट बुजते. एकबी बोट हललं न्हाई तर? कारखाना? परत नाव कमी करतील."

"न्हाई हललं तर न्हाई हललं. पन ते न हलनं तरी माजं असंल." त्यानं पडद्याकडे बघितलं. "मीच बंद केलं असतं, तुला तरास दिला नसता. पन ह्या हातांना ती सवय न्हाई. बग."

त्यानं कीबोर्डवर हात नेले. शटडाउन असं लिहायचा त्याचा इरादा त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. बोटं भराभरा चालली आणि काळ्या पडद्यावर उमटलं: मगदूम वहिफणी, इचलकरंजी. स. न. वि. वि. आपला ताणा तयार आहे.

त्याही स्थितीत दोघं हसली, आणि हसता हसता अस्मिता रडायला लागली. तिनं ती अक्षरं एकेक करून पुसली आणि इंटरकॉम उचलला. "सर, दोन मिनिटांत बंद करते. आणि नंतर तुम्हाला एक गोष्ट लेखी द्यायची आहे. सतरा नंबर खाली माझ्यापाशी आहे, त्यांना मी सांभाळते."

ओळ टंकली. दोन मिनिटांची मुदत. भरतेशचा पट्टा थरथरला. तिनं खुर्चीला ब्रेक लावला, त्याच्या छातीवरचा पट्टा आवळला आणि शेजारी बसली. वेळ भरली तशी पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. एक थांबला. दोन थांबला. तीन थांबला. वर हॉलमध्ये एकेका खाटेवर एकेक हात निपचित होत असणार. सोळा. अठरा. चाळीस. एक्केचाळीस थांबला.

मग पडदा अडकला. एकच ओळ राहिली: सतरा थांबण्याची वाट पाहत आहे, नव्वद सेकंद.

"काय झालं?" भरतेशनं विचारलं.

"थांबत न्हाई. कुठलं काम आडून बसलं तर सर्व्हर नव्वद सेकंद वाट बघतो, मग जबरदस्तीनं मारतो."

"आडून बसनारच. मगदुमांचं हात हाईत."

त्याचा हात पुन्हा उठला होता. तो कपाकडे गेला, कप रिकामा असल्यामुळे गोंधळला, टेबलावरचे कागद उचलून सारखे केले, पेन टोपणात घातलं. साठ सेकंद. मग तो हात अस्मिताच्या कपाळाकडे वळला आणि त्यानं तिची बट कानामागे सारली. लहानपणी तिची वेणी घालताना तो सारायचा, तशीच. चाळीस.

"हे तू केलंस का मशिननं?" तिनं विचारलं.

"म्हाईत न्हाई गं," भरतेश म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचे डोळे भरून आले. "खरंच म्हाईत न्हाई."

हात परत कपाकडे गेला, कान पकडला, कप उचलला. दहा सेकंद. शून्य. कप हातातून सुटून फरशीवर फुटला आणि हात खुर्चीच्या बाजूला लोंबकळला. काचेपलीकडची घरघर उतरत उतरत थांबली. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

*

चार वाजता नवा सर्व्हर चालू झाला. अर्ध्या तासात चाळीस जणांचे हात परत आले. शकूमावशींनी वेणी घातली आणि भांड्यांच्या नावानं बोटं मोडली. सतरा नंबरचे हात हलले नाहीत.

डॉ. इनामदारांनी अस्मिताचा कागद दोनदा वाचला. "सहा वर्षं!" ते म्हणाले. "आणि मी लोकांना फळा दाखवत फिरत होतो." ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. तिला त्याच दिवशी कामावरून दूर केलं गेलं, चौकशी बसली. चौकशीत भरतेशनं एवढंच सांगितलं की मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो, तेव्हा मलाही त्यात धरा. समितीनं त्याला नव्यानं आठ महिन्यांची मुदत दिली. दारातला फळा शिपायानं पुसून टाकला.

त्यानंतर घरात एक विचित्र शांतता आली. हात मांडीवर पडलेले असत. अस्मिता त्याला घास भरवायची, तोंड पुसायची. रोज सकाळी तासभर भरतेश आपल्या बोटांकडे टक लावून बघायचा आणि घामाघूम व्हायचा. एवढ्या मेहनतीनंतरही काही दिसायचं नाही. दिवस मोजायचे तिनं सोडून दिलं. आपण त्याला जे होतं तेही घालवून बसलो, हा विचार तिला भांडी घासताना, केर काढताना, सारखा टोचायचा.

एका संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत उरकावं म्हणून, तिनं टेबलावर ताट वाढलं. सकाळपासून भूक न्हाई म्हणत त्यानं एकही घास घेतला नव्हता. चपाती, मुगाची उसळ, भात. ताट त्याच्यापुढे ठेवलं, शेजारी खुर्ची ओढून बसली आणि घास करायला हात पुढे केला.

भरतेशचा उजवा हात ती टेबलावर नेहमी उशीवर ठेवायची. त्या उशीवर काहीतरी हललं.

मधलं बोट. मग त्याच्या शेजारचं. दोन बोटं उशीवरून घसरत, थरथरत ताटाच्या काठाला टेकली. "दादा!" ती ओरडली. "थांब, थांब, ताण घेऊ नको." तिनं पटकन ताट त्याच्या हाताजवळ सरकवलं. घासापर्यंत पोचायला सोपं पडावं म्हणून.

बोटं पुन्हा ताटाच्या काठाला टेकली. ताट सुतभर हललं. पण आत नव्हे, बाहेर.

"घसरतंय व्हय? धरते मी," म्हणत तिनं ते पुन्हा जवळ ओढलं. "कुठला घास पायजे, उसळ? भरवू का मी?"

भरतेशच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते. बोटं तिसऱ्यांदा ताटाच्या काठावर आली आणि तिसऱ्यांदा ताट त्याच्यापासून सुतभर दूर गेलं. अस्मिताचा हात ताट ओढायला पुन्हा पुढे झाला आणि हवेतच राहिला. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

चतुर्दशी होती.

तिनं आपला हात मागं घेतला. मग दुसराही. दोन्ही हात मांडीखाली घालून ती त्यांच्यावर बसली, कारण नुसतं ठरवून ते थांबतील याचा तिला भरवसा वाटेना.

ताट टेबलाच्या कडेपर्यंत जायला वीसेक मिनिटं लागली असतील. मध्ये बोटं दोनदा घसरून पडली, एकदा तर बराच वेळ उठलीच नाहीत. ते वाकडंतिकडं, अडखळत चाललेलं ढकलणं बघून कुणाला तो वहिफणीतला पटाईत कारागीर आठवला नसता. बाहेर उन्हं उतरली. शेवटी ताट अर्धं कडेबाहेर गेलं, डुचमळलं आणि खणखणत फरशीवर पडलं. उसळ पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत उडाली.

भरतेश खुर्चीत मान मागं टेकून धापा टाकत होता. सहा वर्षांत पाळलेला पहिला उपास त्याच्या तोंडावर दिसत होता. त्यानं फरशीकडे बघितलं, मग बहिणीकडे.

"पुसायचं मातर तुज्याकडं," तो म्हणाला. "तेवढं अजून माज्यानं हुयाचं न्हाई."